मेलेले मासे काढणारी ओरिएता

ओरिएताला कोणी शिकवलं नाही. आमच्या पुन्ता ग्वानेरा गावात चित्रकलेचा मास्तर सोडा, गणिताचासुद्धा टिकत नाही. ती धक्क्यावर मासे साफ करायची, खवले काढता काढता गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची, आणि गर्दी ओसरली की मासळीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर बॉलपेनने समोरचा मासा उतरवायची. बाकीच्या बायका म्हणायच्या, "अगं, तो तळायचा असतो!"

हे वेड लागलं ते बापापायी. फ्लोरिंदो आमच्या बंदरातला नावाजलेला पाणबुड्या. तीस वर्षं तोंडात बोटीवरच्या पंपाची हवेची नळी धरून त्याने शिंपल्यांसाठी समुद्राचा तळ खरवडला. एके दिवशी खोलातून घाईने वर आला, आणि कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. इथे घरटी एकाला तरी पाणबुड्यांच्या या दुखण्याने गाठलंय, त्यामुळे कोणी फार हळहळत बसलं नाही. फ्लोरिंदोची खुर्ची खिडकीशी लागली. समोर समुद्र होता, पण वरून. "वरून काय बघायचं त्याचं डोंबल!" तो चिडायचा. मग ओरिएता घरी आली की विचारायचा, "आज काय काय आलं गं?"

नुसतं सांगून त्याचं समाधान होईना, म्हणून ती काढून आणू लागली. वामीसारखा लांबडा कोन्ग्रियो, ऑक्टोपस, तारामासे, जाळ्यात चुकून आलेली आणि कोणीच न खाणारी विचित्र ध्यानंसुद्धा. अशी अकरा वर्षं. तो प्रत्येक पुठ्ठा निरखायचा, "बरं आहे," म्हणायचा आणि पाव चहात बुडवायचा.

यंदा कोळ्यांच्या संत पेद्रोच्या सणाला त्याची मूर्ती नोल्बेर्तो कोळ्याच्या बोटीतून समुद्रात फिरायची होती, आणि संताची बोट नव्याने रंगवायची असते. कोळ्यांच्या युनियनच्या बैठकीत ओरिएता उठून म्हणाली, "मी रंगवते." सगळे हसले.

"बाई गं, बोट आहे ती, पुठ्ठा नव्हे," नोल्बेर्तो म्हणाला. "रविवारी कागदावर काढून दाखव. पटलं तर ठीक, नाहीतर शहरातला पेंटर आहेच."

तो पेंटर दरवर्षी साच्यातून एकाच मापाचे हसरे मासे छापून जायचा. ओरिएताला त्यांचा राग होताच, पण खरी गोष्ट निराळी होती. अकरा वर्षांत बाप एकाही सणाला घराबाहेर पडला नव्हता. ज्या समुद्रात उतरता येत नाही त्यावरची मिरवणूक कशाला बघू, म्हणायचा. बोटीवर त्याच्या ओळखीचा समुद्राचा तळ उतरवला तर त्यासाठी तरी तो येईल, एवढीच तिची आस होती.

चार दिवस राबून तिने मोठा कागद भरला आणि शुक्रवारी त्याच्या मांडीवर पसरला. त्याने एकेका माशावरून बोट फिरवलं.

"बोला की बाबा!"

"पोरी, हे सगळे मेलेत."

"काय?"

"डोळा बघ, सपाट. तोंड उघडं. सगळे डाव्या कुशीवर आडवे, तुझ्या टेबलावर पडतात तसे. संताला समुद्रात नेतेयस की मासळीबाजारात?"

ओरिएताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मग अकरा वर्षं 'बरं आहे, बरं आहे' काय म्हणत होतात?"

"बाजारात काय आलं ते विचारायचो ना मी? बाजाराचं चित्र म्हणून झकासच होतं."

राग तर असा आला की कागद चुलीत घालावा. पण म्हातारा खोटं बोलत नव्हता. जन्म धक्क्यावर गेला, हजारो मासे हाताखालून गेले, पण पोहता मासा तिने कधी पाहिलाच नव्हता. एकटीच नव्हे हो, आमच्याकडच्या कुठल्याही बाईला मासा काढायला सांगा, आडवाच काढेल.

"मला खाली उतरवा," ती म्हणाली.

फ्लोरिंदो आधी हसला, मग हसायचा थांबला. "नळी मात्र मी धरणार. दुसऱ्या कोणाच्या हातात देणार नाही."

शनिवारी सकाळी ओरिएताने आणि नोल्बेर्तोने त्याला उचलून नोल्बेर्तोच्या बोटीत बसवलं. त्याचाच जुना रबरी पोशाख ओरिएताने कसाबसा चढवला. "पाणी दोन पुरुष खोल आहे, काही होत नाही," बाप म्हणाला. "नळीला एक झटका म्हणजे ठीक. दोन म्हणजे वर ओढा. तीन म्हणजे नळी आणखी सैल सोडा, मी खाली अजून थांबतोय. मी नेहमी तीनच द्यायचो. तुझी आई म्हणायची, या माणसाला दोन येतच नाहीत."

पहिल्या खेपेला तिने डोकं बुडताच दोन झटके दिले आणि खोकत वर आली.

"काय पाहिलंस?"

"बोटीचं बूड!"

नोल्बेर्तो पोट धरून हसला. "झालं का चित्र?" त्या हसण्यानेच ती परत उतरली. थंडीने दात वाजत होते, छाती धडधडत होती. मग हळूहळू दिसायला लागलं. शेवाळाच्या लांब पट्ट्या डुलत होत्या आणि त्यांच्यासोबत मासेही डुलत होते. एक पट्टेरी मासा तिच्या तोंडासमोर येऊन थांबला आणि सरळ तिच्याकडे बघू लागला, दोन्ही डोळ्यांनी. समोरून मासा असा दिसतो हे तिला चाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं! दगडाच्या कपारीतून कोन्ग्रियोने तोंड काढलं, तिला पाहिलं, नापसंतीने आत गेला. तिथे कोणीही आडवं पडलेलं नव्हतं.

वरून नळीला एक झटका आला, ठीक आहेस ना? ओरिएताने तीन दिले.

रविवारी तिने नवा कागद दाखवला तेव्हा नोल्बेर्तो डोकं खाजवत म्हणाला, "हा मासा माझ्याकडे का बघतोय?" आणि रंगाचे डबे तिच्यापुढे सरकवले.

सणाच्या सकाळी बँड वाजत होता, मूर्ती बोटीत चढली होती. आणि फ्लोरिंदो आला! धुतलेला शर्ट, विंचरलेले केस, खुर्ची ढकलायला ओरिएता. धक्क्याच्या उतारावर तिने त्याला बोटीच्या कुशीशी नेलं. तो वाकला. पट्टेरी मासा त्याच्याकडे बघत होता, तो माशाकडे.

"फ्लोरिंदोकाका," नोल्बेर्तोने इंजिन सुरू करून हाक मारली, "संत ताटकळलेत. निघू या का?"

फ्लोरिंदोने मान वर केली नाही. हात मागे नेऊन त्याने ओरिएताच्या शालीचं टोक पकडलं आणि ओढलं. एकदा. दोनदा. मग तिसऱ्यांदा.

"इंजिन बंद कर रे!" ती रडत रडत ओरडली. "बाबा अजून थांबतायत."

नोल्बेर्तोने इंजिन बंद केलं.