ठिपक्यांचा मॅनेजर

पाणीपुरवठा खात्यात त्याचा हुद्दा चावीवाल्याचा, पण सगळं खातं त्याला मॅनेजर म्हणायचं. पहाटे खांद्यावर छातीइतक्या उंचीची लोखंडी चावी टाकून तो गल्लोगल्ली फिरे, रस्त्यातली झाकणं उचले आणि व्हॉल्व्ह फिरवून एकेका भागाला पाणी सोडे. दहा वाजता पंपघरात परतला की टाकी भरेपर्यंत, म्हणजे चांगले चार-पाच तास, त्याला काडीचं काम नसे. मग डब्याशेजारी ठेवलेला जुना लॅपटॉप उघडून तो एका फुटबॉल संघाचा मॅनेजर होई. नाव पडलं ते त्यावरून, आणि ते चेष्टेने पडलं होतं हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

या गेममध्ये खेळाडूला आपण पळवायचं नसतं. कोण कुठे उभा राहील, कोण पुढे जाईल, कोण मागे थांबेल एवढं ठरवायचं आणि हातावर हात ठेवून बघत बसायचं. पडद्यावर हिरवं मैदान, त्यावर बावीस ठिपके. मोटरींचा एकसुरी घुमघुमाट, खिडकीबाहेर संथ हेलकावणारं टाकीचं पाणी, आणि ते ठिपके सरकतायत, पांगतायत, पुन्हा गोळा होतायत. बघता बघता त्याचा डोळा लागे. मग ठिपके पडदा सोडून टाकीत उतरत आणि निवळलेल्या पाण्यावर आपापल्या जागा धरून तरंगत राहत. त्या झोपेत तो फार सुखी असे. जाग आल्यावर बरेचदा संघ हरलेला असे.

पहिली दोन वर्षं तर तो हरतच होता. दिसेल त्याला पुढे पाठवायचा. चार गोल करायचा नि पाच खायचा. मग एकदा फेरीवर असताना त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले तर कुणाच्याच नळाला धार लागत नाही. टेकडीवरच्या घरांना पाणी चढवायचं तर खालच्या पेठेचा व्हॉल्व्ह चार फेरे आवळावा लागतो. संघाचंही तेच. डावीकडचा बचावपटू पुढे धावणार असेल तर त्या बाजूच्या कुणीतरी मागे थांबायला हवं, आणि बचावफळीच्या पुढ्यात एकजण असा हवा की ज्याने स्वतः कुठेच जायचं नाही, फक्त इतरांनी सोडलेली भोकं बुजवायची. या जागेवर त्याने संघातला सगळ्यात हुशार ठिपका ठेवला. वर्षभरात त्याचा संघ तळातून उठून वरच्या गटात गेला.

त्याची धाकटी बहीण हॉस्पिटलच्या धुलाईघरात होती. सहा वर्षं ती वाफेत उभी राहून वॉर्डांच्या चादरी यंत्रात घालत होती, काढत होती. घरात दोघंच. सकाळी तो फेरीवर असतानाच ती कामाला निघे, आणि संध्याकाळी दोघं जेवताना फुटबॉलबद्दल बोलत. तो ठिपक्यांबद्दल बोले. ती खऱ्या चेंडूबद्दल, कारण हॉस्पिटलच्या बायकांचा एक संघ होता आणि ती त्याची फॉरवर्ड होती. गोल करायची तिची हातोटी काही औरच होती. चेंडू कुठे पडणार हे तिला तो पडायच्या आधी कळे.

मोठ्या शहरातला एक क्लब खेळाडू मुलींना नोकरी देऊन खेळायला ठेवी. सव्वीस पूर्ण झाली की मात्र दार बंद. तिला सव्वीस पूर्ण व्हायला पाच महिने उरले होते. संस्थांच्या स्पर्धेत उपांत्य सामना बघायला त्या क्लबचे निवडणारे येतात हे तिला ठाऊक होतं, आणि त्या एका दिवसावर तिने सगळी आस लावली होती. अडचण एवढीच की उपांत्य सामन्यापर्यंत तिचा संघ कधी पोचलाच नव्हता.

संघाची सूत्रं मेट्रनबाईंच्या हातात होती. वॉर्डात ज्यांच्या चपलांच्या आवाजाने पेशंटसुद्धा सरळ झोपत, त्या बाईंनी मैदानावर मात्र हात टेकले होते. शिट्टी वाजली की अकराच्या अकरा जणी चेंडूमागे. गोलकीपर स्वयंपाकघरातली होती. तीसुद्धा कुतूहलाने अर्ध्या मैदानापर्यंत येऊन जाई. शेवटी बाईंनी मॅनेजरला बोलावून घेतलं आणि खुर्चीसुद्धा न देता विचारलं, की ही गळती तुम्हाला बंद करता येते का.

तो हरखला. आयुष्यात पहिल्यांदाच ठिपक्यांना हातपाय फुटले होते. तीन संध्याकाळी त्याने मैदानाच्या कडेला बसून वहीत प्रत्येकीला वीसपैकी गुण दिले, गेममध्ये असतात तसे. अॅम्ब्युलन्स चालवणारीला दमासाठी अठरा. लहान मुलांच्या वॉर्डातल्या नर्सला वेगासाठी सतरा, अकलेसाठी नऊ. ही वही कुणाला दाखवायची नाही एवढी अक्कल त्याला स्वतःला होती. बहिणीच्या नावापुढे त्याने खेळ ओळखण्यासाठी एकोणीस लिहिले. त्या रकान्यात दुसऱ्या कुणाला बारापलीकडे मिळाले नव्हते. तेव्हा भोकं बुजवायच्या जागी कोण, हा प्रश्नच उरला नाही.

कोण कुठे उभी राहणार याचा कागद बघून बहीण जराशी थांबली. मग "बरं," म्हणाली आणि बुटाच्या नाड्या बांधू लागली.

संघ जिंकायला लागला. एक-शून्य, एक-शून्य, दोन-एक. बहीण मधे उभी राहून चेंडू अडवी आणि वेगवान नर्सच्या वाटेत टाकी. नर्स डोळे मिटल्यासारखी धावे आणि गोल होई. मैदानाच्या वरच्या पायरीवरून बघताना मॅनेजरला त्या पुन्हा ठिपक्यांसारख्या दिसत, संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात सरकणाऱ्या, पांगणाऱ्या, हळूच आपल्या जागी परतणाऱ्या. अंगावर मूठभर मांस चढल्याशिवाय तो घरी येत नसे.

उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी मात्र तो कागदापाशी अडला. उद्या निवडणारे येणार, आणि ते बघणार गोल. बहिणीला पुढे खेळवावं का? त्याने पंपघरात बसून गेममध्ये हॉस्पिटलचा संघ तयार केला, वहीतले गुण भरले आणि तोच सामना दहा वेळा बहिणीला पुढे ठेवून खेळवला, दहा वेळा मागे ठेवून. पुढे ठेवून तीन विजय. मागे ठेवून सात. सात हे तीनपेक्षा जास्त असतात. त्याने कागद बदलला नाही, आणि त्या दुपारी त्याला गाढ झोप लागली.

हॉस्पिटल एक-शून्य जिंकलं. बहिणीने चेंडू काढला, नर्सने गोल केला. निवडणारे दोघं खुर्च्यांवरून उठले, नर्सला बाजूला घेऊन तिचं वय, उंची, पत्ता लिहून घेतला आणि चहा न घेता गेले. मेट्रनबाईंनी मॅनेजरचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. तो हसत होता, आणि हसता हसता त्याला बहीण दिसली. ती खुर्च्या गोळा करायला मदत करत होती.

चार दिवस घरात काही बिघडलं नाही. तिने चिडचिड केली नाही, ताट आपटलं नाही. फुटबॉलचा विषय तेवढा निघेना. त्याला ती शांतता सोसेना. पाचव्या दिवशी जेवताना त्याने दहा-दहा सामन्यांचा हिशेब तिच्यापुढे मांडला. दोष आपला नाही, तिला पुढे ठेवलं असतं तर संघच बाहेर पडला असता, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

तिने सगळं ऐकून घेतलं. "वीस वेळा सामना खेळवलास, दादा," ती म्हणाली. "मला एकदा विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस?"

"मागे ठेव म्हणाले असते. मलाही कळतं रे संघ कशाने उभा राहतो. पण मग ते मी दिलेलं असतं. तू ते घेतलंस, आणि घेतलंस हे तुला कळलंसुद्धा नाही."

त्याने दोघांची ताटं उचलून मोरीत नेली. ही आपली बहीण आहे, वहीतले एकोणीस गुण नाहीत, हे कळायला त्याला इतके दिवस लागले होते, आणि त्याची त्याला फार लाज वाटली.

अंतिम सामन्याला कुठल्याच क्लबचं कुणी नव्हतं. बघायला होते ते रजेवरचे वॉर्डबॉय आणि काही बरे होत आलेले पेशंट. मॅनेजर त्या दिवशी वरच्या पायरीवर गेला नाही. खाली रेषेपाशी उतरून त्याने बहिणीला विचारलं, "कुठे खेळतेस?"

तिने मैदानाकडे पाहिलं. "आज कुणी निवडायला नाही," ती म्हणाली. "आज मला पुढे खेळू दे."

मधे भोक पडणार हे त्याला स्वच्छ दिसत होतं. मेट्रनबाईंनी भुवया वर केल्या, त्याने कागद खिशात घातला.

पडायचं ते भोक पडलंच. हॉस्पिटल चार-तीन हरलं, कप हातचा गेला आणि बाईंनी मॅनेजरशी बोलणं टाकलं. पण बहिणीचे ते तीन गोल त्याने जमिनीवरून, दहा पावलांवरून पाहिले. तिसऱ्या वेळी चेंडू हवेत होता तेव्हाच ती वळली आणि कुणी अजून तिथे नसताना एका रिकाम्या जागेकडे धावत सुटली. तिच्या चेहऱ्यावर एक हसू होतं. इतकी वर्षं एका घरात राहून, रोज समोरासमोर जेवून, ते त्याने कधी पाहिलं नव्हतं.