डावा अंगठा, उजवा अंगठा

रफीक गेल्याचं त्याच्या मुलीने फोनवर सांगितलं. "काका, अब्बू गेले..." त्याला आता महिना होत आला. चंद्रपुरात भेटणारे जुने सहकारी अजून म्हणतात, माणूस सोन्यासारखा, फक्त ते सर्व्हरचं प्रकरण व्हायला नको होतं. म्हणून हे लिहितो आहे. ते प्रकरण रफीकचं नव्हतं, माझं होतं.

दोन हजार सालानंतर आमच्या भात खरेदीच्या संस्थेत संगणक आले. चंद्रपूरचा सर्व्हर रफीक सांभाळायचा आणि मी मूल गावच्या शाखेतून टेलिफोनच्या तारेवरून त्याला जोडून घ्यायचो. पहिल्यांदा जोडताना पडद्यावर त्या सर्व्हरचा ठसा यायचा, आकड्या-अक्षरांची लांबलचक माळ. समोर आपलाच सर्व्हर आहे, भलताच कोणी नाही, याची ती ओळख. मला ताडून पाहता यावं म्हणून रफीकने फोनवर दोन ठसे वाचायला घेतले. सर्व्हरकडे ओळख पटवायच्या दोन किल्ल्या होत्या; एक ठसा आरएसए जातीच्या किल्लीचा, दुसरा डीएसए जातीच्या किल्लीचा.

"एका मशीनले दोन ठसे कायले?" मी वैतागलो.

"तुले दोन अंगठे काऊन हायेत भाऊ? माणूस तर एकच हायेस न! समोरचा जो मागंल तो द्याचा. दोनी लिहून घे."

"एक पुरे झाला, बाबा. इथी शेतकरी उभे हायेत."

मी एकच लिहून घेतला.

पुढे मूलच्या संगणकावर नवा प्रोग्रॅम बसला. तो आधी दुसऱ्या जातीची किल्ली मागायचा, हे मला ठाऊक नव्हतं. पडद्यावर भलताच ठसा उमटला. मधे कोणीतरी दुसरंच मशीन बसवलंय, अशी माझी खात्री झाली. फोन हाताशी होता. रफीकला एकदा विचारलं असतं तर तो हसला असता आणि प्रश्न मिटला असता... पण सर्व्हर त्याच्याच ताब्यात, म्हणून माझा संशयही त्याच्यावरच, आणि मी सरळ साहेबांना फोन लावला. रफीकने परोपरीने समजावलं, पण ते कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. सर्व्हर त्याच्याकडून काढला, त्याला दूर सिरोंच्याच्या गोदामावर धाडलं. तिथे तो निवृत्तीपर्यंत पोती मोजत राहिला.

त्याच्या जागी आलेल्या माणसाने मला दोन्ही ठसे वाचून दाखवले. दुसरा ऐकताना माझा हात थांबला. त्या दिवशी पडद्यावर आलेला, साहेबांसाठी मी उतरवून ठेवलेला ठसा तोच होता. सर्व्हर कुणी बदललाच नव्हता. हे मी साहेबांना सांगितलं नाही, कुणालाच नाही. आज सांगू, उद्या सांगू, करता करता साहेबही गेले.

शेवटची भेट चंद्रपूरच्या दवाखान्यात झाली. मी हात पुढे केला, तर त्याने डावा दिला.

"उजव्याले सलाईन हाय, भाऊ. आज डाव्यावरच ओळखून घे."

म्हणजे दोन अंगठ्यांची ती गोष्ट तो विसरला नव्हता, त्याला सगळं माहीत होतं. फोन कुणी केला होता तेही. मी तो हात धरून बसलो, आणि जे बोलायला गेलो होतो ते तेव्हाही बोललो नाही. "चहा पिऊन जाजो," म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

नातू पुण्याहून येतो तेव्हा माझ्या संगणकावर त्याचं काम करतो. परवा पडद्यावर तोच जुना प्रश्न आला, हे मशीन ओळखीचं नाही, पुढे जायचं का? तो 'यस' टंकायला निघाला.

"थांब," मी म्हणालो, "आधी विचारून घेऊ."

"कोणाला, आजोबा?"

फोन माझ्या हातात आला होता. रफीकचा नंबरही काढून झाला होता.