पन्नास यार्डांवरची प्लेट

खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर माझी विळी, शिवणकामाची कात्री, लॅबमधून रिटायर होताना आठवण म्हणून आणलेली एक पिपेट, आमच्या ह्यांचा स्टेथोस्कोप आणि ह्यांचंच एक भलंमोठं रिव्हॉल्व्हर अशी शस्त्रं मांडलेली असतात. हळदीकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं सगळ्यांना सारखी. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या मराठी मंडळातल्या मुली पाट बघून जरा लांबच उभ्या राहतात. "काकू, हे खरं आहे?" असं कोणीतरी विचारतंच. खरं आहे, पण उपाशी आहे, असं मी सांगते. गोळ्या वेगळ्या कपाटात कुलुपात असतात.

हे नागपूरचे, मी सांगलीची. हे सर्जन होते, मी औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला. आता दोघंही इथे अमेरिकेत, कॅरी गावातल्या घरात बसून एकमेकांच्या चुका काढतो. शिकारीचा नाद ह्यांना हॉस्पिटलात लागला. ह्यांच्या ऑपरेशनांना भूल देणारा डॉक्टर इथल्याच डोंगराळ भागातला, लहानपणापासून हरणाच्या शिकारीला जाणारा. तो एकदा ह्यांना घेऊन गेला आणि तेव्हापासून दर नोव्हेंबरला दोघं त्याच्या जमिनीवर जातात आणि वेगवेगळ्या जागी दबा धरून बसतात. बाकीचे लोक रायफल नेतात, ह्यांना रिव्हॉल्व्हरच लागतं. त्याला जनावराच्या बरंच जवळ जावं लागतं आणि हात पक्का लागतो. "लांबून ऑपरेशन करता येत नाही," हे ह्यांचं त्यावरचं ठरलेलं वाक्य. ते मी इतक्यांदा ऐकलंय की पाहुण्यांसमोर ह्यांच्या आधी मीच म्हणून टाकते.

हरणांबद्दल मला काडीची दया नाही, हे आधीच सांगून टाकते. मेथी, भेंडी, गुलाब, यातलं काहीही त्यांनी माझ्या अंगणात राहू दिलेलं नाही. ह्यांनी आणलेल्या मांसाचं कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून सुकं मीच करते आणि ते भूलवाल्या डॉक्टरांच्या घरी डबाभर जातं. माझी तक्रार वेगळी होती. सत्तरी उलटलेल्या माणसानं थंडीत, अंधारात, फोन लागत नाही अशा जंगलात एकट्यानं झाडाखाली बसायचं कशाला? लेकीला फोनवर सांगितलं की ती म्हणते, "आई, जस्ट टेल हिम नो." जसं काही तिचे बाबा माझं नो ऐकायलाच बसलेत.

त्यात ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. आधी चहाच्या कपाशी दिसलं. मग एक दिवस ऑपरेशन थिएटरमधून घरी आले आणि म्हणाले, आता पुरे, दमलो. सगळ्यांना हेच सांगितलं. भूलवाल्या मित्रालासुद्धा. थरथर दिसली म्हणून स्वतःहून सुरी खाली ठेवली, हे त्यांनी मलाही कधी तोंडानं सांगितलं नाही. तेव्हापासून कप अर्धाच भरून घ्यायचा, चारचौघांत हात खिशात ठेवायचा, बँकेत सही करायची वेळ आली की मला काहीतरी आणायला पिटाळायचं. मला कळलंय हे त्यांना कळत होतं आणि आम्ही दोघंही त्यावर गप्प होतो. मला त्यांचा फार राग यायचा आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटायचं.

रिव्हॉल्व्हरनं शिकार करणाऱ्यांचा एक साधा नियम आहे. जेवायची कागदी प्लेट असते ना, साधारण तेवढ्या जागेत हरणाचं हृदय आणि फुप्फुसं असतात. ज्या अंतरावरून तुमच्या सगळ्या गोळ्या प्लेटमध्ये बसतात, तेवढ्याच अंतरावरून हरणावर गोळी झाडायची. एक जरी बाहेर गेली तरी नाही. नाहीतर जनावर जखमी होऊन झुडपात पळतं आणि तासन्‌तास तडफडून मरतं. हे या बाबतीत फार कडक. दरवर्षी पन्नास यार्डांवर प्लेट लावायचे आणि मगच मित्राला येतो म्हणून कळवायचे. या वर्षी दसऱ्याच्या संध्याकाळी रिव्हॉल्व्हर फडक्यानं पुसता पुसता म्हणाले, "यंदा प्लेट जमली नाही तर हे विकून टाकतो." आणि मग, "उद्या रेंजवर येतेस का?"

मला आजवर कधी विचारलं नव्हतं. दरवर्षी मित्राबरोबर जायचे. या वर्षी मित्राला का नको, हे विचारायची गरज नव्हती. मी गणपतीच्या जेवणातल्या उरलेल्या प्लेटांची गड्डी पिशवीत घातली आणि गेले. मनात म्हटलं, नाही जमली तर बरंच होईल. शिकार सुटेल, मी सुटेन.

रेंज म्हणजे झाडी तोडून केलेलं लांबलचक मैदान, एका टोकाला मातीचा उंच बांध, दुसऱ्या टोकाला छपराखाली लाकडी बाकं. कानांवर मोठे मफ, डोळ्यांना चष्मा. एक माणूस अधूनमधून ओरडून सांगतो, त्याप्रमाणे सगळ्यांनी एकदमच गोळ्या झाडायच्या आणि एकदमच थांबायचं. थांबलं की सगळी शस्त्रं रिकामी करून बाकावर ठेवायची आणि मगच पुढे जाऊन आपापली निशाणं बघायची. मला ही शिस्त आवडली. आमच्या लॅबमध्ये इतकी नव्हती.

ह्यांनी पुठ्ठ्याच्या मोठ्या तावावर मधोमध प्लेट लावली, बाकावर वाळूच्या पिशव्या रचल्या, त्यावर दोन्ही हात टेकले. मला शेजारी दुर्बिणीवर बसवलं. गोळी कुठे लागली ते सांगायचं, एवढंच माझं काम. पहिला बार झाला. प्लेट पांढरीशुभ्र. वरच्या पुठ्ठ्याला भोक.

"वर," मी म्हटलं.

पुन्हा बार. "वर." पुन्हा. "वरच." सहाही गोळ्या प्लेट सोडून वर गेल्या. ह्यांनी पुन्हा सहा भरल्या. भरताना एक गोळी बोटांतून निसटून बाकाखाली गेली, ती मी उचलून दिली. पुन्हा सगळ्या वर.

ह्यांनी मफ काढून बाकावर ठेवले. मग म्हणाले, "हात गेला."

इतकं साधेपणानं म्हणाले की मला रडू आवरेना. पेशंटच्या नातेवाइकांना बाहेर येऊन सांगायचे, अगदी त्याच आवाजात. रेंजवाल्यानं थांबा म्हणून ओरडून सांगितलं, आम्ही पुठ्ठा काढून आणायला निघालो. चालताना त्यांचा हात खिशात होता.

पुठ्ठ्याजवळ गेले आणि मी थबकले. एवढा वेळ मी प्रत्येक गोळी वेगवेगळी सांगत होते, सगळ्यांकडे मिळून बघितलंच नव्हतं. सगळी भोकं माझ्या एका तळव्याखाली झाकली जात होती. प्लेटच्या वर, पण एकमेकींना चिकटून.

आयुष्यभर मी दुसरं केलं काय? औषधाची एकच गोळी दहादा तोलायची आणि आकडे बघायचे. आकडे वरखाली उड्या मारत असतील तर करणाऱ्याचा हात कच्चा. आकडे एकमेकांशी जुळतात पण सगळेच सारखे चुकतात, तर माणसाला सोडा, काटा तपासा. कोणीतरी पारड्यावर काहीतरी ठेवून गेलंय. नवीन आलेल्या पोरांना मी हे इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन. थरथरणारा हात सगळीकडे चुकतो. एकाच जागी नाही.

ह्यांनी पुठ्ठा गुंडाळायला घेतला. बघितलासुद्धा नाही नीट. आणि मी गप्प राहिले. बाकापर्यंत परत येईपर्यंत गप्प राहिले. कारण मला हवं होतं ते फुकटात मिळत होतं. मी एक शब्द बोलायची गरज नव्हती. रिव्हॉल्व्हर विकलं जाणार होतं, नोव्हेंबरच्या पहाटे मला फोनकडे बघत बसायला लागणार नव्हतं. पण शेजारून चालणारा माणूस हात गेला असं मनात घेऊन घरी येणार होता आणि ते खरं नव्हतं. निदान या पुठ्ठ्यावर तरी नव्हतं. उद्यापासून त्या समजुतीशेजारी बसून मला चहा प्यायचा होता. ते मला जमलं नसतं.

"अहो," मी म्हटलं, "हा हात नाही. रिव्हॉल्व्हर बघा."

"काय बघू?"

"सगळ्या एकाच जागी आहेत. हात बिघडला असता तर विखुरल्या असत्या. यंत्रात काहीतरी आहे."

माझ्याकडे असं बघितलं, जणू परीक्षेत नापास झालेल्या मुलाला मास्तर पेपर पुन्हा तपासू म्हणतायत. मग रिकामं रिव्हॉल्व्हर डोळ्यांजवळ धरलं. नेम धरायला नळीच्या टोकाशी एक उंचवटा असतो आणि मागे खाच असलेली एक बारीक पट्टी. त्या मागच्या पट्टीखाली लाल काहीतरी होतं.

मी ओळखलं. डोळे मिटून ओळखलं असतं. तांदळाची कणी होती, कुंकवात माखलेली, वाळून कडक झालेली. अक्षता अखंड तांदळाच्या लागतात. मी पिशवीच्या तळाचे घेतले होते, कोण बघतंय म्हणून. ओल्या कुंकवात भिजलेली कणी पट्टीच्या फटीत गेली आणि ह्यांनी फडक्यानं पुसताना ती आणखी आत सारली. तेवढ्यानं पट्टी जराशी वर उचलली होती. इथे जराशी, पन्नास यार्डांवर वीतभर.

"तू देवाला कण्या वाहतेस?" हे म्हणाले.

"तुम्हाला कोणी सांगितलं शस्त्र पुसताना डोळे मिटायला?"

अंगावर चढणाऱ्या गोचिडी काढायला शिकारीच्या पिशवीत चिमटा असतो, तो त्यांनी घेतला. टोक फटीत जाईना, हात हलत होता. माझे हात शिवशिवत होते, पण मी ते मांडीखाली दाबून बसले. सर्जनच्या हातातून चिमटा घ्यायचा नसतो. वेळ लागला, पण कणी त्यांनीच काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

नवी प्लेट लावली. पुढच्या सहा गोळ्या तिच्यात बसल्या, सगळ्या. मी दुर्बिणीतून "आत, आत" म्हणत होते. ह्यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी ते जुनं, थोडंसं शिष्ट हसू आलं. मला इतका आनंद झाला की शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसाला मी अंगठा दाखवला.

तिथेच उठलो असतो तर छान झालं असतं. पण हे म्हणाले, आणखी एकदा. मग आणखी एकदा. रिव्हॉल्व्हर जड, धक्का जबरदस्त, हात दमत चालला होता. तिसऱ्या खेपेला एक डावीकडे बाहेर गेली, एक खाली, एक पुठ्ठ्याच्या पार कोपऱ्यात. मी प्रत्येक सांगितली. खोटं सांगता आलं असतं. पण दुर्बीण माझ्या हातात दिली होती ती त्यासाठी नव्हे.

थांबायची हाक आल्यावर आम्ही पुन्हा पुठ्ठ्यापाशी गेलो. या वेळी त्यांनी नीट बघितलं, एकेका भोकावर बोट ठेवून. माझं शास्त्र त्यांना आता येत होतं.

"हे मात्र तू केलेलं नाहीस," ते म्हणाले.

"नाही."

त्यांनी पुठ्ठा उपटला. मला वाटलं, संपलं. पण ते तो घेऊन बाकांच्या दिशेनं चालत आले आणि पंचवीस यार्डांच्या खुणेवर उभा केला. त्यावर नवीन प्लेट लावली. मग बाकावर परत येऊन, दमलेल्या हातानं, मुद्दाम, न थांबता त्यांनी तिच्यावर सहा गोळ्या झाडल्या. एकही बाहेर नव्हती.

गाडीत बसल्यावर त्यांनी मित्राला फोन लावला, स्पीकरवर. येतोय, म्हणाले. मग म्हणाले, माझा हात थरथरतो. बरेच दिवस झाले. मी ऑपरेशनं त्यासाठीच सोडली, दमलो म्हणून नाही. यंदा हरीण पंचवीसच्या आत आलं तरच झाडेन, नाही आलं तर नुसता बसेन. मग मित्र म्हणाला, ठीक आहे, मग तू खाली ओढ्याजवळ बस, तिथे ती पाण्याला जवळ येतात. आणि बायकोला सांग, मीही ओढ्याजवळच बसेन.

फोन ठेवून त्यांनी किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. उजवा हात माझ्यासमोर सरळ धरला, बोटं पसरून.

"बघ," म्हणाले.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते बघ म्हणाले होते. हात थरथरत होता, मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. तो पकडून थांबवावा असं फार वाटलं. पण बघ म्हणाले होते, धर म्हणाले नव्हते. मी बघत राहिले.