राहिलेला टोमणा

सासूबाईंचं तोंड म्हणजे बाजाराचा भोंगा. जुन्या कपड्यांच्या आपल्या गाळ्यात त्या स्टुलावर बसायच्या आणि गिऱ्हाईक पुढे निघालं की ओरडायच्या, "अहो, पाठीवर शर्ट उसवलाय, चाललात कुठे तसेच?" शर्ट धडधाकट असायचा, पण माणूस थांबायचा. मागे त्यांची सून काजं-बटणं करत बसलेली. तिच्याही वाट्याला रोजचे टोमणे ठरलेले.

अशा बाईचा जबडा शेजारच्या गाळेवाल्याने मोडला. त्याला त्यांचा गाळा हवा होता, त्या सोडत नव्हत्या. एका सकाळी, सून गाळ्यावर यायच्या आधीच, वाद पेटला आणि त्याने हातातली शटर ओढायची लोखंडी आकडीच हाणली. डॉक्टरांनी दात तारेने बांधून टाकले. इस्पितळात पोलीस आला नि "बोलायला लागल्या की चौकीवर या," म्हणून गेला. मुलगा म्हणाला, "राहू दे, त्याच बाजारात बसायचंय आपल्याला." असा पंधरवडा गेला. शेवटी सासूबाईंनीच सुनेचं मनगट धरून तिला ओढत चौकीवर नेलं.

कोणी मारलं, ते त्यांनी खिडकीतून त्याच्या गाळ्याकडे बोट करून दाखवलं. कशाने? लिहिता त्यांना येत नव्हतं. त्यांनी हात लांब केला, मग एक बोट वाकवलं. सुनेला वाटलं, जवळ बोलावतायत. ती आज्ञाधारकपणे जवळ सरकली आणि पोलिसाला म्हणाली, "काठीने." सासूबाई घशातून गुरगुरल्या. सुनेला वाटलं, दुखतंय. कागदावर काठी पडली ती पडलीच.

तार निघाल्यावर सासूबाईंनी कोर्टात आकडी सांगितली. सुनेनेही साक्षीत कबूल केलं, "काठी हा शब्द माझा. त्यांनी नुसता हात दाखवला होता."

शिक्षा झाली, पण गाळेवाला वरच्या कोर्टात गेला. त्याचे मुद्दे दोनच: तक्रार उशिरा का, आणि काठीची आकडी कशी झाली? तोवर तो जामिनावर शेजारीच बसून दात कोरायचा. सुटला तर गाळ्याला पुन्हा हात घालणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

सुनेला घास गोड लागेना. भाजीत मीठ जास्त पडलं तर घर डोक्यावर घेणाऱ्या सासूबाई या काठीबद्दल मात्र एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

"आईंनी एकदा फाडफाड बोलावं, म्हणजे मी सुटेन," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, लोक आईचं बोलणं चुकवायला गल्ली बदलतात!"

सुनावणीच्या दिवशी सरकारी वकीलबाईंनी बजावलं, "मावशी, अपिलात साक्ष नसते. आधीची साक्ष वाचतात. तुम्ही गप्प बसायचं."

"मग तार काढली कशाला?" सासूबाई पुटपुटल्या.

गाळेवाल्याचा वकील फर्डा होता. "बाईंना बोलता येत नव्हतं, मान्य. चालता येत होतं ना?"

वकीलबाई शांतपणे उठल्या. बोलायला लागल्यावर या, असं आपणच सांगितल्याचं पोलिसाने साक्षीत मान्य केलं होतं, तेवढंच त्यांनी वाचलं. मग न्यायाधीशांनी सुनेची साक्ष मागून घेतली आणि सावकाश वाचली.

"उशीर झाला की संशय येतो," ते म्हणाले, "पण इथे उशिराचं कारण समोर आहे. काठी हा शब्द सुनेचा, आणि तिने तो लपवलेला नाही. मारणारा कोण, यात सासूचं सांगणं एकदाही बदललेलं नाही." अपील फेटाळलं. गाळेवाल्याला तुरुंगात हजर व्हायचा हुकूम झाला.

बाहेर आल्यावर सून पायरीवरच बसली. सासूबाईंनी जबडा चोळला, कंबरेवर हात ठेवले.

"एवढं बोट वाकवून दाखवतेय, तर ही बया जवळ येऊन उभी! डोळे आहेत का नुसती काजं पाडून ठेवलीयेत गं?"

सून हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"आता रडतेस काय? ऊठ, गाळा उघडायचाय. शटर तू ओढ आज." त्या दोन पायऱ्या उतरून थांबल्या. "आकडी ओळखशील ना?"