भरल्या टाकीची फेरी

दादाच्या गाडीची टाकी काठोकाठ भरलेली बघितली आणि माझं डोकंच फिरलं. रविवारी शर्यत, सोमवारी गाडी कुरुंदवाडच्या गिऱ्हाइकाला द्यायची, आणि हा आदल्या दिवशी डिझेल भरून मोकळा. पाव मैलाच्या शर्यतीत वजन म्हणजे वेळ, हे मला शिकवलं त्यानंच. पण आमच्याकडं दुसऱ्याच्या दारात वस्तू रिकामी पाठवत नाहीत. शेजारणीचा डबासुद्धा वहिनी मूठभर साखर घालून परत करते. "टाकी कोरडी ठेवून गाडी द्यायची व्हय?" दादानं उलट मलाच विचारलं.

गाडी जुनी, टर्बोची, कंपनीतून आली तशीच. इंजिनाला कुणी हात लावलेला नाही. नवी असताना दादानं तिला पाव मैल सतरा सेकंदांत पळवली होती. तेव्हापासून कसबा बावड्यात आमच्या घरी कुणीही येऊ दे, आधी चहा, मग ते सतरा सेकंद. वहिनीला तर त्याचा वीट आला होता. आता साखरेच्या आजारानं त्याची नजर गेली, डॉक्टरांनी गाडी बंद केली, म्हणून ती विकायची. त्याआधी एकदा तिच्यात बसून शर्यतीत पळायचं, एवढीच त्याची हौस. चालवणार मी, शेजारी हेल्मेट घालून तो. शर्यतीत शेजारी एक माणूस चालत होता. मीही साठीला आलोय, कंबर धरते, सुट्टीचं पहाटे उठायचं जिवावर येतं. पण त्याला नाही कसं म्हणणार?

शर्यत हातकणंगल्याच्या पुढं, एका बंद कारखान्याच्या सरळ रस्त्यावर. आम्ही जादाचं चाक, जॅक, पायातल्या चटया, भाकरीचं गाठोडं, सगळं काढून झाडाखाली ठेवलं. थोडं डिझेलही काढू म्हटलं, तर एकदा दुसऱ्याच्या नावानं भरलेलं काढायचं नसतं, दादा म्हणाला. जित्याची खोड, दुसरं काय!

आमचा नंबर पुकारला तेव्हा तो हेल्मेट घालून, पट्टा लावून तयार होता. दोघं बसून सतरा येतील का, असं त्यानं हळूच विचारलं. अवघड आहे, मी म्हटलं. खरं तेच बोललो. त्यानं पट्टा सोडला.

"मग मी उतरतो," तो म्हणाला. "तिचा आकडा तेवढा राहू दे."

गप बस म्हणून ओरडायला हवं होतं. पण मी आरशात बघत बसलो. मागचे गाडीवाले हॉर्न मारत होते, आणि दादा दार लावून बाजूला झालासुद्धा.

खुणेचा दिवा लागला, मी पाय दाबला. पूर्वी टर्बो जागा झाला की पाठ सीटला चिकटायची. आता नुसता आवाज. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शेवटी शेवटी क्लचचा जळका वास यायला लागला. फेरी ज्याला त्याला एकच होती.

परत आलो तर दादा बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीला धरून उभा. वेळेच्या फलकावरचा आकडा त्याला दिसत नव्हता. किती, म्हणाला. एकोणीसच्याही वर गेली, मी सांगितलं. माणसाच्या वजनानं एवढा फरक पडत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यानं बॉनेटवर हात ठेवला.

"म्हंजे मी बसलो असतो तरी चाललं असतं की," तो म्हणाला.