टिकली लावलेलं कार्ड

मला कशाचीही भीती वाटते. कुकरची तिसरी शिट्टी, लिफ्टचं दार, आणि बँकेत मागं लाईन लागली की माझी सहीसुद्धा बदलते. शाळा नववीत सुटली. आणि अशी मी, आता तीन वर्षं होत आली, द्राक्षबागेतल्या कॉम्प्युटरची दुखणी फोनवर ऐकते आणि बरी करते, हे माहेरी दिंडोरीकडं सांगितलं तर अजून हसतात. हसू द्या. मी पण हसते.

आम्ही राहतो सातपूरला. बिल्डिंगच्या खालच्या गाळ्यात एका सरांनी छोटं काम सुरू केलं होतं. वयानं माझ्याएवढेच, पण शिकलेले, म्हणून सर. ते बागेत लावायच्या पेट्या बनवायचे. पेटीत एक बोर्ड, बिस्किटाच्या छोट्या पुड्याएवढा, आणि तोच अख्खा कॉम्प्युटर. हवेत ओलावा किती, पान किती वेळ ओलं राहिलं, सगळं मोजायचा आणि डावणीचा धोका दिसला की शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज टाकायचा. डावणी म्हणजे द्राक्षाचा रोग. छाटणी झाल्यावर कोवळी फूट असते, तेव्हा ढग आले, पाऊस झाला आणि फवारणी चुकली की बाग हातची जाते. आमच्याकडं लेकराच्या तापाला घाबरणार नाहीत एवढं डावणीला घाबरतात.

मला घेतलं होतं पॅकिंगच्या टेबलावर, स्क्रू आवळायला. पोरगी तेव्हा दीड वर्षाची. ती वर सासूबाईंपाशी, त्यांना मी आत्या म्हणते. ती रडली की खाली ऐकू यायचं, म्हणून तर मी तयार झाले. मग स्क्रूवरून कार्डावर आले. बोर्डाला स्वतःचं डोकं नसतं, नखाएवढं मेमरी कार्ड असतं, त्यात लिनक्स भरायचं, मग तो जागा होतो. लिनक्स म्हणजे काय ते सरांना विचारलं तर त्यांनी अर्धा तास सांगितलं. मला एवढं कळलं की ती घरातल्या कर्त्या बाईसारखी असते. दिसत नाही, पण तिच्याशिवाय घरात कोणाला काही सापडत नाही.

कार्ड घातलं की स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावायच्या, आणि ओळीओळीला हिरवं ओके, ओके, ओके. बाकी इंग्रजी मला येत नव्हतं, पण ओके येत होतं. तेवढ्यावर माझा जीव खाली यायचा. हुकूम मी वहीत मराठीत लिहून ठेवले. प्रत्येक मोठ्या हुकमाच्या आधी सुडो लिहायचं. सर म्हणाले, "वहिनी, सुडो म्हणजे मोठ्या साहेबाची सही समजा. सहीशिवाय काम होत नाही." तेव्हापासून सुडो टाईप करताना मी ताठ बसते.

फोन माझ्याकडं आला तो सरांमुळंच. शेतकऱ्याचा फोन आला की सर विचारायचे, "तुमचा बोर्ड बूट होतोय का? नेटवर्क मिळतंय का?" समोरचा गोंधळायचा. त्याला वाटायचं हा माणूस तोंडी परीक्षा घेतोय. एकदा सर जेवायला गेले होते आणि मी उचलला. एक काकू होत्या, दिंडोरीजवळच्या.

"ताई, पेटी बोलंना झाली."

"काकू, झाकण उघडा. लाल दिवा आहे का?"

"हाय."

"त्याच्याशेजारी हिरवा. डोळा मिचकावतोय का?"

"नाय गं, डोळे वटारून बसलाय."

मग त्यांना कार्ड काढून परत नीट बसवायला लावलं आणि हिरवा मिचकायला लागला. काकू ओरडल्या, "मिचकावला, मिचकावला!" मी इकडं टाळ्या वाजवल्या. मागं सर डबा हातात घेऊन उभे. म्हणाले, "फोन आता तुम्हीच घ्या. दिवाळीपर्यंत बघू. जमलं तर कायम, नाही तर परत पॅकिंगला."

दिवाळीपर्यंत बघू. तुम्हाला वाटेल त्यात काय. पण मला त्या गाळ्यातली फोनजवळची निळी खुर्ची एवढी आवडली होती की विचारू नका. आयुष्यात पहिल्यांदा लोक मला विचारत होते आणि मी सांगत होते. घरी आत्या म्हणायच्या, "बसली का गं फोनवाली बाई? भाजी करपली." पण शेजारणीला त्याच आत्या सांगायच्या, सून कॉम्प्युटर बघते.

भीती काही गेली नव्हती. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एक कार्ड खाली पडलं होतं, काही झालं नाही त्याला, पण मी धसकाच घेतला. तेव्हापासून मी प्रत्येक पेटीसाठी दोन कार्डं भरायची. सरांनी मेमरी कमी म्हणून बाजूला टाकलेल्या जुन्या कार्डांचा डबा होता, त्यातलं एक घ्यायचं, त्याच पेटीचा नंबर घालून भरायचं, प्लास्टिकच्या पुडीत ठेवायचं आणि झाकणाच्या आतून चिकटपट्टीनं लावायचं. वर माझ्या कपाळाची एक टिकली, ओळखायला. सरांना सांगितलं नव्हतं. हसले असते.

दसरा आला. दोन दिवस आधी त्याच काकूंचा फोन.

"ताई, दसऱ्याला आमी सगळी औजारं धुऊन पुजतो. ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर, कात्र्या. पेटी पण औजारच की. ती बागेत एकटी राहिली तर बरं दिसत नाय. देवापुढं आणू का बोर्ड?"

आता माझ्या माहेरी पण तेच. त्या दिवशी औजाराला काम लावायचं नाही, विळासुद्धा झोपतो. मी म्हणलं, "आणा की काकू. लाल-काळी वायर ओढा, बोर्ड सुटतो. पूजा चुकवू नका. संध्याकाळी परत लावा."

एवढं बोलले आणि विसरले. काकूंनी ते बोलणं शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकलं. ताईनं सांगितलंय म्हणून.

वायर अशी ओढायची नसते, हे मला माहीत होतं हो! गाळ्यात मी रोज आधी सुडो शटडाऊन लिहायचे, हिरवा दिवा मिचकून मिचकून गप्प झाला की मगच वायर. लिनक्स सारखं कार्डावर लिहीत असतं, मधेच वीज गेली की वही अर्ध्या ओळीत फाटते. पण पेटीला बॅटरी, वर सोलरची छोटी पाटी, वीज कधी जायचीच नाही, म्हणून बागेतली पेटी बंद कशी करायची हे कोणाला सांगायची वेळच आली नव्हती. आणि पूजा म्हणलं की माझं डोकं माहेरी गेलं, गाळ्यात राहिलंच नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर म्हणाले, "वहिनी, बागेत एकवीस पेट्या आहेत. त्यातल्या अकरा गप्प का?" आणि बाहेर आभाळ भरलेलं. फोन वाजायला लागले. पहिला सरांनी स्पीकरवर घेतला. वणीकडचे एक आबा होते, आवाज असा की मोबाईल टेबलावर सरकायचा.

"ओ सायेब, पेटी मेली. पोंगा फुटलाय बागेत, कोवळी फूट हाय, वर ढग आलेत, फवारू का नको?"

"आबा, पेटीला कोणी हात लावला होता का?"

"लावला म्हंजे? पूजा केली! हळद, कुंकू, झेंडू, सगळं."

"वायर कोणी काढायला सांगितली?"

"तुमच्याच ताईनं की!"

सर माझ्याकडं बघायला लागले. मी पोरीच्या झबल्याची घडी घालत होते, कशाला घालत होते माहीत नाही, तीच घडी चार वेळा घातली. मग म्हणलं, "हो सर. मीच." सर रागावलेसुद्धा नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "अकरा कार्डं इथून परत भरून न्यायची, अकरा गावं. दोन दिवस जातील. पाऊस आज आहे."

माझ्या डोळ्यापुढून निळी खुर्ची गेली, पॅकिंगचं टेबल आलं, आत्यांचं तोंड आलं. आणि मग टिकली आठवली.

"सर, झाकणात दुसरं कार्ड आहे. सगळ्यांच्या. मी लावलंय."

"काय?"

"जुन्या डब्यातली. भीती वाटायची म्हणून."

सरांनी कपाळाला हात लावला, पण फोन माझ्याकडं सरकवला.

मग मी सुरू झाले. एकेकाला तेच. "काका, झाकणाच्या आतून बघा. टिकली दिसते का? लाल. हो, बाईच्या कपाळाचीच, हसू नका. ती पुडी सोडवा. बोर्डातलं कार्ड नखानं ओढा, हे घाला. आता वायर लावा. हिरवा बघा." आणि मी श्वास धरून बसायची. तिकडून, "मिचकावला!" की श्वास सोडायची. मधे पोरगी वरून आली, टेबलाखाली बसली आणि प्रत्येक फोनला ओरडायला लागली, "मिचकला!" शेतकऱ्यांच्या आधी हीच. काकू म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडं पण एक पेटी हाय वाटतं, तिचा आवाज लय मोठा हाय." जेवायची वेळ झाली तोवर दहा पेट्या बोलायला लागल्या. सरांच्या स्क्रीनवर एकेक नंबर हिरवा होत गेला.

राहिले वणीचे आबा.

"आबा, टिकलीचं कार्ड?"

"ते होय? ते मी कवाच काढलं. मोबाईलला जागा नव्हती. त्यात भजनं भरली."

"आबा! त्यात तुमच्या पेटीचा जीव होता!"

"मला काय ठाऊक! टिकली लावलेली, मला वाटलं म्हातारीचं काय असेल."

मागून म्हातारीचा आवाज आला, "मी टिकली लावते व्हय? मी कुंकू लावते, जन्म गेला!"

सरांकडं बघायची माझी हिंमत नव्हती. ते म्हणाले, "एक कार्ड भरा. आणि जा तुम्ही. मी इथं बाकीच्यांवर लक्ष ठेवतो."

मी? एकटी? आमच्या ह्यांना फोन केला, त्यांना दुपारची सुट्टी होती. मोटरसायकलवर ते, मधे पोरगी, मागं मी, आणि कार्ड कुठं ठेवायचं या भीतीनं ते रुमालात, रुमाल मुठीत, मूठ छातीशी. हे म्हणाले, "अगं, मला धर, पडशील." मी म्हणलं, मी पडले तर चालेल.

आबांच्या बागेत पोचलो तेव्हा वारं सुटलं होतं. ब्लोअर जोडून आबा ट्रॅक्टरवर तयारच बसलेले, मेसेजची वाट बघत. कार्ड घातलं, वायर लावली. लाल लागला. हिरवा नाही. परत काढलं, परत घातलं. नाही. आबा ट्रॅक्टरवरून ओरडले, "जीव आणला का घरीच विसरली?" मी बोर्ड नाकाजवळ नेला. वास आला, हळदीचा. कार्डाच्या खाचेत कुंकू दाटून बसलेलं! आबांनी मनापासून पूजा केली होती. मी वायर काढली, आबांच्या घरच्या आजीकडून साडीची बारीक पिन घेतली, खाचेच्या कडेकडेनं हळूच कोरलं, फुंकर मारली, पदरानं पुसलं, परत फुंकर. पोरगी पण फुंकत होती, तिची थुंकी उडू नये म्हणून तिला ह्यांच्याकडं दिलं.

मग कार्ड, मग वायर.

हिरवा मिचकावला.

पाच मिनिटांत आबांचा मोबाईल वाजला. पान ओलं, धोका, फवारणी करा. आबांनी मेसेज मोठ्यानं वाचला आणि ट्रॅक्टरचा एवढा आवाज केला की पोरगी दचकली. ब्लोअर ओळीत शिरला. आजीनं मला गूळ-शेंगदाणे दिले आणि हळूच म्हणाली, "टिकली चांगली दिसते हो तुला. ह्यांना काय कळतं!" परत निघालो तेव्हा आबांची अर्धी बाग फवारून झाली होती.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात गेले ती पॅकिंगच्या टेबलापाशीच जाऊन उभी राहिले, कोणी सांगायच्या आधी आपणच. सर एका पेटीला भोक पाडत होते. मान वर न करता म्हणाले, "वहिनी, इथं एक बटण बसवतोय. दाबलं की लिनक्स नीट बंद होईल, हिरवा विझेल, मग वायर काढायची. लोक पूजा तर सोडणार नाहीत. बटणाचा रंग कोणता ठेवू?"

"झेंडूचा," मी म्हणलं.

"ठीक. आणि टिकलीचं कार्ड आता प्रत्येक पेटीत. नवीन कार्ड घ्या, डब्यातलं नको. आणि तुम्ही तिकडं काय उभ्या? फोन वाजतोय."

दिवाळीला अजून दोन आठवडे होते. तो विषय मग निघालाच नाही.

आता दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून माझा फोन गरम असतो. एकेक जण सांगतो, ताई, बटण दाबलं. ताई, मिचकतोय. ताई, विझला, आता कुंकू लावू? मी म्हणते, लावा, पण झाकणावर, बोर्डावर नको. मागच्या वर्षी आबांनी सगळं नीट केलं, बटण, वायर, झाकण, आणि मग विचारलं, "ताई, आपट्याचं सोनं कुठं ठेवू?" मी घाबरून ओरडलेच, "आत नको!" तर म्हणाले, "आत नाय गं. तुमच्यासाठी ठेवलंय. येऊन घेऊन जा."