आमच्या अंगणातला कोरियन किल्ला

इथे परदेशात, आमच्या ट्रुगानिना उपनगराची माती हट्टी. फावडं मारलं की हातालाच झिणझिण्या येतात. तरी दर दिवाळीला आम्ही अंगणात किल्ला करतो. मराठी मंडळाची स्पर्धा असते, आणि तिथली ढाल माझ्या दहा वर्षांच्या लेकीला तीन वर्षं हुलकावणी देते आहे.

यंदा तिने जाहीर केलं, किल्ला कोरियाचा. शेजारच्या कोरियन आजींनी तिला गोष्ट सांगितली होती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन युद्धनौका गांगह्वा बेटापाशी घुसल्या, तेव्हा किनाऱ्यावरच्या किल्ल्यांनी जुनाट तोफांनिशी त्यांना अडवलं. दारूगोळा संपल्यावर शिपायांनी दगड फेकले, मातीसुद्धा फेकली. शेवटी किल्ले पडले.

लेकीने आंघोळीच्या टबातल्या होड्या युद्धनौका म्हणून लावल्या. मावळ्यांच्या हातांत खडे चिकटवले. उतारावर अळीव छान उगवले. मी मात्र सवयीने बुरुजावर महाराज ठेवले, सिंहासनासकट. आजींनी कुंपणावरून वाकून विचारलं, "हू इज दिस किंग?" मी ओशाळले आणि महाराजांना घरात देवघरापाशी नेऊन ठेवलं.

शनिवारी मंडळाचे परीक्षक काका आले. लेकीने त्यांना किल्ल्याची सगळी गोष्ट सांगितली.

"महाराज कुठायत?"

"घरात."

"अहो, नियम आहे. आणून ठेवा, दोन मिनिटांचं काम. किल्ला फर्स्ट क्लास झालाय, पहिला नंबर नक्की."

मी लेकीकडे पाहिलं. ती ओठ चावत होती. ढाल समोर दिसत होती तिला.

"नो," ती म्हणाली. "ही वॉजन्ट देअर."

"अगं, पण हरलेला किल्ला कुणी दिवाळीत करतं का?"

माझं डोकंच फिरलं. "पुरंदर तहात दिला तेव्हा आपण काय जिंकलो होतो, काका? तो करतोच ना आपण दर वर्षी? मग यांचा का नाही?"

काकांनी कागदावर 'स्पर्धेबाहेर' लिहिलं आणि चकलीला हातही न लावता गाडीत बसले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पोरीचे दोन आठवडे त्यात गेले होते.

तिला जरा बरं वाटावं म्हणून मी विचारलं, "पुढे त्या अमेरिकन बोटींचं काय झालं गं?"

ती एका मावळ्याच्या हातातून पडलेला खडा परत चिकटवत होती. "त्यांना ट्रीटी हवी होती. कोरियाने नाही दिली. दे जस्ट वेंट होम, आई."

मग काकांची गाडी वळली त्या कोपऱ्याकडे हनुवटी उडवून म्हणाली, "लाइक हिम."